फ्रीझरला भोक पाडू नकोस

प्रिय पप्प्या,

तुझा मेसेज वाचला. तिकडे अमेरिकेत तुझ्या बेसमेंटमध्ये चेस्ट फ्रीझर येऊन पडलाय आणि त्यात बियरचे केग, म्हणजे दाबाखाली पेय भरायची उंच पिंपं, गार ठेवून बाहेर नळ काढायचे म्हणून शनिवारी तू त्याच्या पुढच्या पत्र्याला भोकं पाडणार. पाडू नकोस रे! पत्र्याआड गॅसच्या नळ्या फिरवलेल्या असतात, बाहेरून दिसत नाहीत, एक जरी फुटली की कूलिंग गेलं, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीझरमध्ये आर-६००ए गॅस असतो, तो पेट घेतो. माझा पहिला फ्रीझर असाच गेला. एका आइस्क्रीमवाल्याकडून जुना घेतला होता, ड्रिल आत गेलं, फुस्स आवाज आला आणि मी नुसता बघत राहिलो. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही मला.

दुसऱ्या फ्रीझरला मग लाकडाची चौकट केली. झाकण बिजागऱ्यांसकट काढायचं, कडेवर सहा इंच उंच फळ्यांची चौकट बसवायची, वर परत झाकण, आणि नळ त्या चौकटीतून काढायचे. फ्रीझरला ओरखडासुद्धा नाही. सातपूरच्या सुताराने सागाच्या फळ्या इतक्या सुंदर रंधून दिल्यात की येणारा-जाणारा हात फिरवून बघतो.

फ्रीझर आपणहून उणे १८ अंशांपर्यंत जातो, केगमधलं सगळं गोठेल, म्हणून ठरलेल्या तापमानाला फ्रीझर चालू-बंद करणारा बाहेरचा टेम्परेचर कंट्रोलर हवाच, तो ४ अंशांवर ठेव. सेन्सर हवेत लटकवू नको, केगला चिकटव आणि वरून फोमचा तुकडा लाव, नाहीतर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होत राहतो. आत कॉम्प्युटरचा छोटा पंखाही ठेव, गार हवा तळाला बसते आणि वर नळ कोमट राहतात, मग पहिला ग्लास नुसता फेस. बियरला सिलेंडरमधल्या कार्बन डायऑक्साइडचं १०-१२ पीएसआय (हे दाबाचं माप) प्रेशर आणि बारीक नळी साधारण तीन मीटर, नळी आखूड केलीस तरी फेसच.

तुझ्याकडे घरच्या बियरला मुभा आहे, इथे महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा, परवान्याशिवाय घरी करता येत नाही, म्हणून माझ्या नळातून आल्याचा सोडा येतो. आलं, लिंबू, साखरेचा पाक, ३० पीएसआय, त्यामुळे नळीही खूप लांब घ्यावी लागली. तसंही हे १९ लिटरचे उंच केग मुळात कोल्ड्रिंकवाल्यांसाठीच बनले होते ना! एप्रिलात नाशिक चाळिशीला टेकतं तेव्हा गंगापूर रोडवरून उन्हात घरी येऊन तो नळ ओढायचा, अहाहा, काय सांगू. आईला या फ्रीझरमध्ये मटार ठेवायचे होते, पण ४ अंशांत मटार टिकत नाहीत हे तिला अजून पटलेलं नाही.

एक मात्र विसरू नकोस, सिलेंडर जोडलास की प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बघ, बुडबुडे आले तर आवळ. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, बेसमेंटमध्ये खाली साचून राहतो, जीवावर बेतू शकतं. खिडकी उघडी ठेव.

शनिवारच्या आधी फ्रीझरचा फोटो आणि कडेची लांबी-रुंदी पाठव, फळ्यांची मापं मी काढून देतो.

तुझाच,
बंड्या