नडगीचं दुखणं अंगावर काढू नकोस

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा पाय अजून दुखतोय, पण रेलिगेट करतील, म्हणजे मागून येणाऱ्या बॅचमध्ये टाकतील, या भीतीने तू सैन्याच्या ट्रेनिंगमधल्या उस्तादांना काही बोलला नाहीस, हे ताईकडून कळलं. म्हणून लगेच लिहायला बसलो.

आज रात्री बूट काढलेस की अंगठ्याने गुडघ्यापासून घोट्यापर्यंत नडगी दाबत जा. सगळी नडगी सारखीच ठणकत असेल तर बहुधा ताण आहे. पण रुपयाएवढ्या एकाच जागी बोट टेकताच मस्तकात कळ जात असेल आणि झोपल्यावरही ठणका थांबत नसेल, तर ते स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं. असा बारीक तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. तेव्हा एक्स-रे साफ आला म्हणून पळू नकोस. उद्याच सिक रिपोर्ट कर, म्हणजे दुखतंय असं कळवून डॉक्टरकडे जा.

यात तुझा कमकुवतपणा काही नाही, लेका. भरतीच्या १६०० मीटरसाठी आपल्या रस्त्यावर धावलास ते निराळं. तिथे पहाटेची पीटी, मग ड्रिलमध्ये बुटाच्या टाचा आपटायच्या, पाठीवर पिठ्ठूचं म्हणजे सामानाच्या पिशवीचं ओझं, झोप अपुरी. नवा भार पडला की हाड आधी आतून झिजतं आणि मग भरून येतं. भरायला वेळ जास्त लागतो. त्या मधल्या आठवड्यांत ते कच्चं असतं, आणि नेमका तेव्हाच ट्रेनिंगचा जोर वाढतो.

माझ्या स्क्वॉडमधल्या एका पोराने क्रेप बँडेज आवळून आणि गोळ्या गिळून दुखणं लपवलं होतं. रूट मार्चमध्ये हाड पुरतं मोडलं. पायात प्लेट पडली, पुढे मेडिकल बोर्ड झालं आणि तो घरी गेला. माझ्यासमोर कोसळला तो. वेळेत सांगितलं असतं तर थोड्या आठवड्यांच्या विश्रांतीवर भागलं असतं.

तुझी धास्ती मला कळते. अग्निवीरांची नोकरी चार वर्षांची, ट्रेनिंग त्यातच धरलेलं, आणि पुढे कायम होणार २५ टक्क्यांपर्यंतच. बॅच मागे पडली की आपण संपलो असं तुला वाटतं. पण रेलिगेट झालास तर मागून येणाऱ्या बॅचबरोबर कसम परेड करशील, म्हणजे शपथ घेशील, एवढंच. कायम करताना चारही वर्षांचं काम बघतात आणि अंगानेही फिट लागतोस. उशिराने कसम खाल्ली म्हणून पाय अधू होत नाही. दुखणं लपवलंस तर होऊ शकतो.

आणखी एक. दुखणं कधी सुरू झालं, काय करताना झालं, हे एम.आय. रूममध्ये, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, लिहून घ्यायला सांग आणि कागद जपून ठेव. ट्रेनिंगमध्ये जायबंदी होऊन घरी पाठवलेल्या ऑफिसर कॅडेटांचा प्रश्न ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून हाती घेतला. त्यांचे नियम वेगळे, तुझे वेगळे. पण दुखापत ड्यूटीवर झाली हे दाखवायची वेळ आली, तर तुझ्या हातात कागदच लागेल.

डॉक्टरने विश्रांती सांगितली तर पूर्ण घे. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने धावू नकोस, चालण्यापासून हळूहळू चढवत जा. दूध-अंडी टाळू नकोस.

आईला मी फक्त पाय मुरगळलाय असं सांगितलंय. रविवारी फोन मिळाला की खरं काय ते तूच सांग, तिला तुझ्या तोंडून ऐकलेलं बरं वाटेल.

तुझे
बाबा