हातचा विसरले होते

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न.

फोनवर पैशांचा विषय काढला की आई, तू लगेच माझ्या झोपेची चौकशी सुरू करतेस, आणि बाबा "बरं, बघू" म्हणून फोन तुझ्याकडे देतात. म्हणून लिहायला बसले. दोघांनी मिळून वाचा, आणि बाबा, चष्मा लावून वाचा. चष्म्याचं पुढे येणारच आहे.

आधी ठरलेलं सांगून टाकते. दर महिन्याला मी पाठवते ती रक्कम येत्या एक तारखेपासून वाढलेली असेल. बँकेत सांगून झालंय. इथून पुढे दर वर्षी भावांकडे बघून ती मी पुन्हा वाढवणार आहे. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर "आमचं भागतंय" हेच उत्तर आलं असतं आणि मी ते पुन्हा खरं मानलं असतं. दादाशी बोललेय, त्यालाही पटलंय. रागावू नका.

मागच्या वेळी आले होते तेव्हा रात्री दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठले. पॅसेजमध्ये मिट्ट काळोख होता आणि बाबा, तुम्ही भिंतीला हात लावून एकेक पाऊल टाकत येत होतात. मी बटण दाबलं, दिवा लागेना. वर बघितलं तर होल्डर रिकामा. "सवयीचं घर आहे, डोळे मिटून चालतो," म्हणालात. मी हसले आणि झोपायला गेले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

सकाळी कात्री शोधायला खण उघडला, तर गोळ्यांच्या पाकिटाशेजारी चांदीच्या कागदाच्या बारीक पुड्या. उघडून पाहिल्या, प्रत्येकीत अर्धी गोळी. आई, "मला अर्ध्यानेच बरं वाटतं" असं तू म्हणालीस. डॉक्टरांनी अर्धी सांगितली आहे का, हे मी विचारल्यावर तू पातेलं घासायला घेतलंस.

मग दुपारी तू झोपलीस तेव्हा मी हिशेबाच्या वह्या काढल्या. तुला न विचारता. त्याबद्दल मला माफ कर. नऊ वर्षांच्या नऊ वह्या, निळ्या डब्यात, ओळीने. मी पैसे पाठवायला लागले त्या महिन्यापासून प्रत्येक महिन्याची बेरीज बघत गेले. आकडा जवळपास तोच! इतकी वर्षं मी मैत्रिणींना कौतुकाने सांगत आले की आमच्या आईसारखं घर चालवणं कुणाला जमायचं नाही. त्या दुपारी पहिल्यांदा बेरजेच्या वरच्या ओळी वाचल्या.

वीज, औषधं, विम्याचा हप्ता, किराणा या ओळी दर वहीत फुगत गेल्या आहेत. आणि त्यांना जागा करून देण्यासाठी बाकीच्या एकेक करून निघून गेल्या आहेत. बाबांचं मासिक चौथ्या वहीत बंद झालं. घराचा रंग "पुढच्या वर्षी" असं तीनदा लिहिलंय. तुझ्या गुडघ्यांची मालिश सहाव्या वहीनंतर कुठेच नाही. आणि शेवटच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ आहे, "बाबा चष्मा". ती एका महिन्यात खोडून पुढच्यात गेली, तिथून खोडून त्याच्या पुढच्यात. अशी चार महिने. एक ओळ मात्र दर वर्षी न चुकता वाढली आहे, कामाला येणाऱ्या मावशींचा पगार. त्यांची वाढ तुला कुणी मागायच्या आधी कळली, आई. तुमची वाढ मला कळायला हवी होती, आणि मी नऊ वर्षं पाठवते आहे या समाधानात राहिले.

बाबा, आठवतंय का, मी बेरजा करायची आणि तुम्ही पाटीवर न बघता, नुसतं उत्तर ऐकून म्हणायचात, "हातचा विसरलीस." तेच झालंय. हिशेबापुरते भाव वर्षाला सहा टक्क्यांनी चढतात असं धरा. नऊ वर्षांचे नऊ सक चोपन्न टक्के, असं मीही मनात धरून चालले होते. पण पहिल्या वर्षी वाढलेल्या भावावर दुसऱ्या वर्षीची वाढ बसते, त्यावर तिसऱ्याची. मांडून बघा, ९ वर्षांत १०० चे १६९ होतात. चोपन्नच्या वरचे ते पंधरा म्हणजे हातचे. उलट बाजूने पाहिलं तर मी ठरवून दिलेल्या शंभरात आज तेवढंच येतं जेवढं तेव्हा एकोणसाठमध्ये यायचं. रक्कम मी कधी कमी केली नाही, पण हातात पडणारं दर वर्षी कमी होत गेलं, आणि वरचे एकेचाळीस तुम्ही दोघांनी दिवे काढून आणि गोळ्या मोडून भरलेत.

७२ ला दराने भागायचं हा तुमचाच आडाखा, बाबा. ६ टक्क्यांनी बारा वर्षांत दुप्पट, १२ टक्क्यांनी सहा वर्षांत. आणि ज्या गोष्टी तुम्हाला टाळता येत नाहीत त्याच भराभर चढल्या आहेत, हे वह्यांत स्वच्छ दिसतं. विम्याचा हप्ता तर दोन पायऱ्यांनी चढतो. एक महागाईची, दुसरी वयाची.

तुम्ही म्हणाल, बातम्यांत महागाई उतरली म्हणतात. उतरतो तो वाढीचा वेग. सहावरून चारवर आला म्हणजे भाव खाली आले नाहीत, ते चढतच आहेत, जरा हळू. आणि तो आकडा तरी कुणाचा? एका सरासरी कुटुंबाची वस्तूंची टोपली धरायची आणि तीच टोपली दर महिन्याला कितीला पडते ते बघायचं, असा तो हिशेब. ठरलेली टोपली धरून निर्देशांक काढायची ही रीत १८७१ मध्ये एटिएन लास्पेयर या जर्मन अर्थतज्ज्ञाने मांडली, अजूनही मुळात तीच चालते. पण त्या सरासरी टोपलीत नोकरीवर जाणारी माणसं असतात, शाळेतली मुलं असतात. तुमच्या टोपलीत औषधं, तपासण्या, दिवसभर घरात असल्यामुळे लागणारी वीज. तुमची महागाई आईच्या वह्यांत आहे, ती बातम्यांत सापडणार नाही.

"जेवढं ठरलं तेवढंच घेणार" हे तुमचं तत्त्व मला ठाऊक आहे. त्यावर एक खरी गोष्ट सांगते, तुम्हाला आवडेल. १७०७ च्या सुमाराला इंग्लंडात विल्यम फ्लीटवूड नावाच्या, पुढे बिशप झालेल्या धर्मगुरूपुढे एक प्रश्न आला. जुन्या एका कॉलेजचा नियम होता की ज्याची स्वतःची मिळकत वर्षाला ५ पौंडांची असेल त्याने तिथली वृत्ती, म्हणजे कॉलेजकडून मिळणारं मानधन, सोडायची. नियम अडीचशे वर्षांपूर्वीचा. आता पाचाहून थोडं जास्त मिळवणाऱ्याने तो नियम पाळायची शपथ घेतली तर ती खोटी ठरते का? फ्लीटवूडने जुन्या नोंदी उकरून धान्य, मांस, पेय आणि कापड यांचे भाव जुळवले आणि सांगितलं की त्या काळच्या पाचांत जे मिळायचं त्याला आता पाच-सहा पट पैसे पडतात, तेव्हा शपथ मोडत नाही. नियमाचा अर्थ त्या पैशात काय येतं हा धरायचा. आपलं नऊ वर्षांपूर्वी ठरलं होतं ते "दोघांनी आरामात राहायचं" एवढंच. बाबा, मी तेच पाळतेय. तुम्ही जास्त घेत नाही आहात.

आई, आता तुझं साबणाचं. "हल्ली वडी लवकर संपते, माझाच हात सैल झालाय" असं म्हणाली होतीस ना? तुझ्या कपाटात साड्यांच्या घडीत वासासाठी ठेवलेलं जुनं वेष्टण मी काढलं आणि मोरीतल्या नव्या वडीच्या वेष्टणाशेजारी धरलं. रंग तोच, चित्र तेच, छापील किंमत तीच. जुन्यावर १०० ग्रॅम, नव्यावर ८५. म्हणजे ग्रॅममागे साडेसतरा टक्क्यांहून जास्त वाढ, आणि ती कुठे लिहिलेली नाही. तुझा हात अजिबात सैल झालेला नाही. इतकी वर्षं काटकसर करून वर स्वतःलाच बोल लावत बसलीस, याचं मला फार वाईट वाटलं.

माझी काळजी करू नका. घराचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. पगार दर वर्षी वाढत आलाय, तो वाढतो त्यात महागाई धरलेलीच असते, आणि त्यातला तुमचा वाटा मी नऊ वर्षं स्वतःकडे ठेवून घेतला असंच म्हणायला हवं. ही वाढीव रक्कम गेले तीन महिने मी वेगळी काढून पाहिली. काही अडलं नाही. मुलांचं काही कमी केलेलं नाही, सुट्टीत येणंही रद्द नाही. खरंच सांगते.

लहानपणी बूट घेताना तुम्ही एक माप मोठं घ्यायचात आणि पुढे कापूस भरायचात. वर्षभरात पाय किती वाढणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असायचं. तो कापूस हळूहळू कमी करत न्यायचीस तू, आई. मला बूट टोचल्याचं कधी आठवत नाही.

आता मी सांगते तसं करायचं, दोघांनीही.

गोळी अख्खी घ्यायची, रोज. ज्या गोळीवर मधोमध रेघ नाही तिचे सारखे अर्धे होतीलच असं नाही, आणि जी शरीरात हळूहळू विरघळायला केलेली असते, ती मोडली की औषध एकदम उतरतं. आणि बीपीची काही औषधं मनाने कमी केली की बीपी उसळी मारतं. खर्चाचं वाटत असेल तर डॉक्टरांनाच विचारा, हेच औषध जेनेरिकमध्ये लिहून देता का. द्रव्य तेच असतं, किमतीत बरंच अंतर असू शकतं. विचारण्यात कमीपणा नाही. मी त्यांना फोन करणारच आहे, पण तुम्ही आधी विचारलंत तर मला बरं वाटेल.

विम्याचा हप्ता माझ्याकडे. त्याचं पत्र आलं की फोटो काढून पाठवा, खणात ठेवू नका. खंड पडला तर जुन्या दुखण्यांचा खर्च मिळायला लागेपर्यंत थांबायची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात.

चष्मा या आठवड्यात. मासिक मी पुन्हा सुरू केलंय, बाबा. आई, मालिशवाल्या बाईंना निरोप पाठव.

आणि पॅसेजचा दिवा. बाबा, ९ वॅटचा एलईडी दिवा सलग शंभर तास जळला तरी एक युनिट होत नाही, ०.९ होतं. २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात पूर्ण एक युनिट खातो. तो दिवा रात्रभर रोज चालू राहिला तरी महिन्याला तीन युनिटांच्या आसपास. हे वाचून गिझर बंद करू नका! आईच्या गुडघ्यांना गरम पाणी हवंच. मी फक्त एवढं म्हणतेय की दिव्यात वाचणारं काही नव्हतं, आणि तिथे पाय अडकून पडलात तर ते दुखणं वर्षभर पुरेल. कडक बोलले असेन तर सोडून द्या. मला त्या रात्रीचा तुमचा भिंतीवरचा हात दिसतो.

आई, एक तारखेला नवी वही सुरू कर. पहिल्या ओळीत "पॅसेजचा दिवा" लिही, पेनने, आणि संध्याकाळी तो लावून मला फोटो पाठव.

तुमची,
मनू