स्वयंसूचना रुग्णाच्या बोलीत हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनानिमित्त आपल्या सीमाभागातील शाळा-महाविद्यालयांत शपथा घेतल्या जातात, फेऱ्या निघतात आणि अलीकडे त्यात आणखी एका उपायाची भर पडली आहे. व्यसन सोडू पाहणाऱ्याने रोज सकाळी आरशासमोर उभे राहून ‘मी समर्थ आहे, मी पूर्ण व्यसनमुक्त आहे’ अशी सकारात्मक वाक्ये, म्हणजेच स्वयंसूचना, म्हणावीत, असे वक्ते सांगतात. या उपायाला विरोध करण्यासाठी मी लिहीत नाही, कारण त्याचा उपयोग झालेला मी स्वतःच्या घरात पाहिला आहे. मात्र त्याआधी तोच उपाय उलटलेलाही पाहिला आहे.

माझा भाचा बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करतो. रात्रपाळीनंतर झोप लागावी म्हणून कोणीतरी दिलेल्या गोळ्यांपासून सुरू झालेले प्रकरण पुढे गांजापर्यंत गेले. एका व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून तो परतला, तेव्हा त्याच्या हातात वाक्यांचा एक छापील कागद होता. एका बाजूस कन्नड, दुसऱ्या बाजूस इंग्रजी. तो बाजारात आणि कारखान्यात कन्नड सहज बोलतो, पण शिकला मराठी शाळेत, आणि रात्री दोन वाजता तलफ येते तेव्हा त्याचे मनाशी चालणारे भांडण मराठीतच चालते, तेही पुस्तकी मराठीत नव्हे, तर आमच्या खानापूरकडच्या बोलीत. तरीही त्याने तो कागद इमानाने पाठ केला. तिसऱ्या आठवड्यात तो घसरला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “मामा, रोज सकाळी म्हणत होतो, मी मुक्त झालोय म्हणून. म्हणजे मी माझ्याशीच खोटं बोलत होतो की.” घेतलेल्या गोळीपेक्षा या खोटेपणाची लाज त्याला अधिक जाचत होती, आणि ती लाज विसरण्यासाठी पुन्हा गोळीच हवी, अशी ती कोंडी होती.

हा अनुभव केवळ आमच्या घरचा नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्या मनात स्वतःविषयी मुळातच हीन भावना आहे, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे वाक्य स्वतःशी म्हणायला लावल्यावर बरे वाटण्याऐवजी अधिकच वाईट वाटले. व्यसनातून नुकताच बाहेर पडलेला, घरादाराचा विश्वास गमावलेला माणूस नेमका याच अवस्थेत असतो. शंभर वर्षांपूर्वी एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याने रुग्णांना सकाळ-संध्याकाळ म्हणायला दिलेले वाक्यही ‘मी बरा झालो’ असे नव्हते, तर दिवसेंदिवस अधिकाधिक बरा होत आहे, अशा अर्थाचे होते. मी व्याकरण शिकवत आलो, म्हणून कदाचित माझे लक्ष क्रियापदाकडे जात असेल, पण ‘झालो’ आणि ‘होत आहे’ यांतला फरक रुग्णाला माझ्याहून चांगला कळतो.

घसरल्यानंतर भाच्याने तो कागद बाजूला ठेवला आणि आम्ही दोघांनी एका शंभरपानी वहीत त्याची स्वतःची वाक्ये लिहायला घेतली. पहिले वाक्य होते, ‘आज न्हाई. उद्याचं उद्या बघूया.’ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या गटांतही फक्त आजचा दिवस सांभाळण्यावरच भर असतो, हे मला नंतर समजले. दुसरे वाक्य, ‘तलफ आली तर मामाला फोन लावीन आणि चालत चालत देवळापर्यंत जाईन.’ तलफ ही लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरू लागते; तेवढा वेळ हातापायांना काही काम सांगणारे वाक्य, स्वतःची स्तुती करणाऱ्या दहा वाक्यांपेक्षा उपयोगी पडले. तिसऱ्या प्रकारची वाक्ये झालेल्या गोष्टींची होती: ‘या महिन्याचा पगार आईच्या हातात दिला.’ त्यात खोटे ठरण्यासारखे काहीच नव्हते. त्यानंतरही तो एकदा घसरला, परंतु त्या वेळी वही फेकून न देता त्याने त्याच पानावर तारीख घातली आणि खाली पहिले वाक्य पुन्हा लिहिले.

आपल्याकडे वारकऱ्याने माळ घालणे हाही एका अर्थाने असाच निश्चय आहे. गळ्यातली माळ पाहून दारू देऊ करणारेही हात आखडता घेतात, ही तिची मोठी सोय. परंतु घसरलेल्याला चारचौघांत ‘माळकरी असून?’ असे विचारले जाते, तेव्हा तीच माळ ओझे होते. वाक्याचेही तसेच आहे.

एक सावधगिरी स्पष्ट लिहिली पाहिजे. वाक्ये हा उपचार नव्हे, उपचाराला दिलेला आधार आहे. रोज भरपूर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने मनाचा हिय्या करून त्या एकदम बंद केल्या, तर फेफरे येऊन जिवावर बेतू शकते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. केंद्र सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पोलिसांच्या भीतीने मुलाला घरात दडवून ठेवणाऱ्या पालकांनी हेही जाणावे की, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणातील अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी खटल्यापासून संरक्षण देणारे ६४ अ हे कलम १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच आहे.

राहिला भाषेचा प्रश्न. सीमावाद या पत्रात आणण्याची माझी इच्छा नाही आणि कन्नड कागद काढून टाका, असेही माझे म्हणणे नाही. ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात एखाद्या अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ टक्के किंवा अधिक असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांना दिलेले जुनेच संरक्षण आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील केंद्रांनी निदान समुपदेशन आणि ही वाक्ये मराठीत उपलब्ध करावीत. लेखनासाठी मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी विनामोबदला यायला तयार आहोत. मात्र छापील कागदाचे भाषांतर करायला नव्हे. प्रत्येक रुग्ण त्याच्या बोलीत जे सांगेल, ते त्याच्या वहीत उतरवून द्यायला.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. खानापूर, जि. बेळगाव

(भाच्याची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती. पत्र त्याला वाचून दाखवले आहे.)