लिहिणाऱ्यांनाही सरावाची जागा हवी

मा. संपादक,
स. न.

गेल्या काही वर्षांत सोलापुरात पहाटे धावणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. पार्क मैदान असो की विजापूर रस्त्यावरील कंबर तलावाचा परिसर, उजाडण्यापूर्वीच बँकेतले कर्मचारी, गृहिणी, दुकानदार, निवृत्त शिक्षक घामाघूम झालेले दिसतात. कथा-कविता लिहू पाहणाऱ्यांचीही आपल्या शहरात वाण नाही. हौसेने धावणारी आणि हौसेने लिहिणारी, अशा दोन्ही मंडळींत माझा वावर असल्याने त्यांच्यातील एक ठळक फरक आपल्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. धावणारा सराव आणि स्पर्धा यांची गल्लत करीत नाही. नवोदित लेखक मात्र लिहिलेले प्रत्येक पान त्याच संध्याकाळी स्पर्धेत उतरवतो.

एकवीस किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनसाठी हौशी धावपटू काही महिने शेकडो किलोमीटर धावतो आणि त्यांतील बहुतेक अंतर शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश गतीने कापतो. दम लागून बोलणे तुटू लागले की वेग जास्त झाला, ही त्याची साधी कसोटी. ही सावकाश धाव कोणी पाहत नाही, तिला पदक नसते. पण हृदयाची आणि स्नायूंची क्षमता वाढते ती प्रामुख्याने तिच्यामुळेच. शिवाय दमसास लवकर वाढतो, तर हाडे आणि स्नायुबंध कणखर व्हायला पुष्कळ जास्त काळ लागतो. म्हणूनच उत्साहाच्या भरात अंतर एकदम वाढवणाऱ्याची नडगी किंवा गुडघा दुखू लागतो आणि त्याला पंधरवडाभर घरी बसावे लागते. लेखनातही असेच घडते, असे माझे मत आहे. शब्द भराभर सुचू लागतात. त्यांतला कोणता खोडायचा याची जाण मात्र फार सावकाश येते आणि ती येण्यापूर्वीच पहिला संग्रह स्वखर्चाने छापून मोकळे झालेले लेखक आपण सर्वांनी पाहिले आहेत.

सरावाचे लेखन म्हणजे काय, असा प्रश्न कोणी विचारील. शेंगाचटणी उखळात कुटताना दाण्यांना तेल सुटू लागते, कुटण्याचा कोरडा आवाज जड होत जातो आणि लसणाचा वास वर येतो, एवढेच एका परिच्छेदात नेमके उतरवायचे. ‘खमंग’ हा शब्द न वापरता, आईची आठवण मध्ये न आणता. हा परिच्छेद कोठेही पाठवायचा नाही. दुसऱ्या दिवशी तो मोठ्याने वाचायचा, जेथे जीभ अडखळेल तेथे खूण करायची आणि पुन्हा लिहायचा. काम कंटाळवाणे आहे, हे मान्य. पण मे महिन्यातल्या सोलापुरी उन्हाच्या धास्तीने पहाटे साडेचारला उठून धावणेही काही मौजेचे नसते.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. पहिल्यांदा उतरणाऱ्यांच्या बहुतेक वेळापत्रकांत सरावातील सर्वांत लांब धाव तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास थांबते. पूर्ण अंतर थेट शर्यतीच्या दिवशीच कापले जाते. कादंबरी लिहू इच्छिणाऱ्यांना यात दिलासा आहे. तयारी पुरती होण्याची वाट पाहत बसलेल्याची कादंबरी कधीच सुरू होत नाही आणि तयारी मुळीच न केलेल्याची तिसऱ्या प्रकरणात बसते.

आपल्याच शहराचे उदाहरण द्यायचे, तर २००६ साली सोलापुरात भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली यांचे द्यावे लागेल. सोलापुरात जन्मलेल्या आणि घरी तेलुगू बोलणाऱ्या या वनाधिकाऱ्याने नोकरीच्या काळात रानात दिसलेले पक्षी, झाडे आणि वनवासींकडून कळलेली त्यांची नावे वर्षानुवर्षे टिपून ठेवली. त्यांच्या लेखनातला तपशील इतका भरीव का वाटतो, याचे उत्तर या नोंदींत आहे.

एके ठिकाणी मात्र ही तुलना लंगडी पडते, हे सांगितले पाहिजे. धावणाऱ्याला घड्याळ खरे सांगते. गेल्या महिन्यापेक्षा आपण सुधारलो की नाही, हे त्याला कोणाला विचारावे लागत नाही. लेखकाजवळ असे घड्याळ नाही. त्याला चांगला वाचक लागतो, आणि ‘छान लिहिलंय’ एवढे म्हणून उठून जाणारा वाचक त्याच्या उपयोगाचा नसतो.

म्हणून आपल्या दैनिकाला आणि शहरातील वाचनालयांना विनंती आहे की, कथा-काव्यस्पर्धांच्या जोडीला महिन्यातून एका रविवारी लिहिणाऱ्यांची सरावबैठक भरवावी. तीत क्रमांक, प्रमाणपत्र, पाहुण्यांचे भाषण आणि छायाचित्र यांपैकी काहीही नसावे. प्रत्येकाने एक परिच्छेद वाचावा आणि इतरांनी तो कोठे सैल पडला ते स्पष्ट सांगावे. तेथे वाचलेले लगेच छापण्याची घाई दैनिकानेही करू नये. सकाळी आठची वेळ सोयीची होईल. धावून आलेल्यांनाही तोवर अंघोळ करून पोहोचता येईल.

आपली,
एक वाचक, सोलापूर