सोलरचं नंतर बघू, आधी तुझ्या मीटरचा लाल दिवा मोज

मित्रा,

तुझा मेसेज वाचला. "गच्चीवर सोलर टाकायचं ठरतंय, किती किलोवॅटचं घेऊ सांग, आणि छोटी पवनचक्की पण बसते का बघ." दोन ओळींचं उत्तर टाइप केलं होतं, पण पाठवलं नाही, कारण मी पण असंच कुणाच्या तरी दोन ओळींवर विसंबून उडी मारली होती आणि नंतर वर्षभर निस्तरत बसलो. त्यामुळे आता हे लांबलचक वाच.

आधी एक काम कर. रात्री सगळे झोपले की मीटरपाशी जा. तिथे एक बारीक लाल दिवा मिचकत असतो, आणि एका युनिटला तो किती वेळा मिचकणार ते मीटरवरच कुठेतरी बारीक अक्षरात छापलेलं असतं. माझ्या मीटरवर 3200 आहे. एक युनिट म्हणजे 36 लाख वॅट-सेकंद, त्याला या 3200 ने भागलं की येतात 1125, आणि त्याला दोन मिचकण्यांमधल्या सेकंदांनी भागलं की घर त्या क्षणाला किती वॅट खातंय ते कळतं. मी मोबाईलचं स्टॉपवॉच लावून उभा राहिलो तर बारा सेकंद आले. म्हणजे साधारण 94 वॅट. अरे सगळं बंद होतं! फ्रिज पण त्या वेळी गप्प होता, मी कान लावून बघितलं.

मग काय, चोर शोधायला निघालो, एकेक प्लग काढायचा आणि परत मीटरपाशी यायचं. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राऊटर, सगळ्यांचं थोडं थोडं होतंच. पण खरा चोर टेबलाखाली सापडला, जुना यूपीएस. त्याच्यावरचा कॉम्प्युटर देऊन टाकून तीन वर्षं झाली, हा मात्र आपली मेलेली बॅटरी चार्ज करत बसलेला, हात लावला तर कोमट लागला. त्याचा प्लग काढल्यावर बाराचे अठरा सेकंद झाले. म्हणजे हा एकटा 31 वॅट खात होता. ऐकायला काहीच नाही वाटत ना, पण वर्षाचे तास 8760 असतात, गुणून बघ, 270 युनिट. तीन वर्षं. मी तिथेच खाली बसलो.

दुसरी गोष्ट गरम पाण्याची. आपण घरात ओरडतो कशावर, तर लाइट चालू राहिला म्हणून. 20 लिटर पाणी 25 डिग्रीने तापवायला जवळपास 0.6 युनिट लागतं, तेवढ्यात 9 वॅटचा एलईडी दिवा चौसष्ट-पासष्ट तास चालतो. म्हणजे मी पोरावर बाथरूमच्या दिव्यावरून तोंड सोडायचो आणि स्वतः मात्र अंघोळीच्या तासभर आधीच गिझर लावून विसरून जायचो. दिवा डोळ्यांना दिसतो, उष्णता दिसत नाही, एवढाच काय तो फरक. एसीचं पण तसंच, 16 वर ठेवला म्हणून खोली काही लवकर गार होत नाही (इन्व्हर्टर एसी सुरुवातीला थोडा जोर लावतो, पण तो 24 वर ठेवला तरी लावतोच), तो आकडा म्हणजे फक्त कुठे थांबायचं ते.

आता पॅनेल. ज्याने बसवली त्याला मी विचारलं होतं, त्या टाकीची सावली येते बघा दुपारनंतर. "काही फरक पडत नाही साहेब." बरं. पॅनेल एकामागे एक माळेसारखी जोडलेली असतात आणि माळेत करंट सगळ्यांना एकच, त्यामुळे एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली की त्याची झळ सगळ्या माळेला बसते. पॅनेलच्या आत बायपास डायोड असतात, साधारण तीन, ते सावलीतला तुकडा वगळून करंट पुढे जाऊ देतात म्हणून निभतं, पण त्या तुकड्याची वीज गेलीच. ॲपमधला माझा आलेख साडेतीनला असा काही खाली यायचा की वाटावं सूर्य मावळला. शेवटी दोन पॅनेल हलवली, स्वतःच्या खर्चाने, दुसरं कोण करणार.

उन्हाचं पण एक गंमतीशीर आहे. मला वाटायचं कडक उन्हाळ्यात वीज धो धो येईल. पॅनेलवर छापलेले वॅट हे आतला वीज बनवणारा सेल 25 डिग्रीला असतानाचे, आणि भर दुपारी तो सेल 60 च्या वर जातो. दर डिग्रीला साधारण 0.35 टक्के घट धर, म्हणजे बारा टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवून बसवू देऊ नकोस, खालून वारा खेळायला हवा.

आणि सगळ्यात मोठी फजिती ऐक. पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा मी सोफ्यावर ऐटीत बसून होतो की आता बघा, आपलं घर चालू राहणार. डोक्यावर रणरणतं ऊन, आणि घर ठप्प! पॅनेलची वीज घराला चालेल अशी करून देणारा डबा म्हणजे इन्व्हर्टर, आणि ग्रिडला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतःहून बंद होतो, आणि तो बिचारा बरोबरच करतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या गच्चीवरून शॉक बसेल. लाइट गेल्यावर घर चालायला हवं असेल तर बॅटरी आणि त्या कामाचा इन्व्हर्टर लागतो. हे मला कुणी सांगितलं नाही. अर्थात मी विचारलं पण नव्हतं.

पवनचक्कीचा नाद सोड. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबात असते, वेग निम्मा झाला की वीज एक अष्टमांश. त्यात छपरांवरचा वारा घरांना आपटून, गरगरत आलेला. वर बेट्झ नावाच्या जर्मन माणसाने 1919-20 च्या सुमारास सिद्धच करून ठेवलंय की आदर्श चक्कीला सुद्धा वाऱ्यातली 59.3 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा काढता येत नाही. तुझ्या गच्चीवर ती फिरताना छान दिसेल, तेवढंच.

पण मला जे खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. पॅनेल लागली आणि आमच्याकडे सगळे एकदम दिलदार झाले. "वरून फुकट येतंय की", फुकट ते पौष्टिक, दुपारभर एसी, तो पण दार उघडं. आणि तीच सवय संध्याकाळी पण लागली, जेव्हा पॅनेल शून्य देतात आणि सगळी वीज बाहेरून येते. पहिल्या तीन महिन्यांत ग्रिडकडून घेतलेले युनिट जवळपास तेवढेच राहिले. जेव्हन्स म्हणून एक अर्थतज्ज्ञ होता, त्याने 1865 मध्येच कोळशाबद्दल लिहिलं होतं की इंजिनं सुधारली म्हणून कोळसा कमी लागत नाही, उलट जास्तच जळतो. तो आमच्या हॉलमध्येच बसून लिहीत असावा अशी मला दाट शंका आहे.

मग मी घरात आकडे दाखवायला लागलो. पण ते पण जपून कर हं. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस नावाचं गाव आहे, तिथे घरोघरी चिठ्ठ्या देऊन केलेला एक प्रयोग 2007 मध्ये छापून आला. तुम्ही अमुक वापरता, शेजारी सरासरी तमुक. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण जे आधीच कमी वापरत होते ते सैल पडले, त्यांचा वाढला. चिठ्ठीवर नुसता एक हसरा चेहरा काढून दिला तर मात्र ते कमीवरच राहिले. मी फ्रिजवर तसला चेहरा काढून लावला तर पोरगं म्हणालं, बाबा, हा तुमच्यापेक्षा बरा दिसतो. असो. आई मात्र रोज सकाळी ढग बघून सांगते, आज मशीन अकराला लावा की उद्यावर ढकला, आणि माझ्या ॲपपेक्षा तिचं जास्त बरोबर येतं.

किती किलोवॅट, ते मी आत्ता सांगत नाही, रागावू नकोस. आज रात्रीचे सेकंद आणि तुझ्या मीटरवरचा तो आकडा पाठव. उद्या गच्चीवरून सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला एकाच जागी उभा राहून फोटो काढ, टाकी आणि तो शेजारचा जिना दोन्ही आले पाहिजेत.

आणि तुझ्याकडे टेबलाखाली काय आहे ते वाकून बघ.

तुझाच,
मी