पहिल्या पीयूसीत गप्प बसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शाळांचे निकाल आणि पेढा भरवणाऱ्या आईवडिलांचे फोटो आपल्या अंकात पाहून आनंद झाला. खानापूर तालुक्यातल्या खेड्यात, मराठी शाळेतच मी दहावीपर्यंत शिकले आणि आता पदवीपूर्व कॉलेजात, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या पीयूसीला, भौतिकशास्त्र शिकवते. फोटोतल्या या मुलांचे जून ते सप्टेंबर या काळात काय होते ते मी दरवर्षी डोळ्यांसमोर पाहते. त्याविषयी मुलांशी, पालकांशी आणि संस्थाचालकांशी बोलायचे आहे, म्हणून हे पत्र.

मराठी माध्यमातून चांगले गुण मिळवलेले मूल फर्स्ट पीयू (अकरावी) सायन्सला येते, तेव्हा एका दिवसात त्याचे सगळे विषय इंग्रजीत जातात. हायस्कूलमध्ये इंग्रजीचा रोज एक तास असायचा, आता सकाळपासून दुपारपर्यंत दुसरे काही कानावर पडत नाही. पहिल्या आठवड्यात ते काही विचारत नाही. दुसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावर जाऊन बसते. पहिल्या चाचणीचा पेपर घरी दाखवत नाही. दिवाळीपर्यंत त्याने मनाशी ठरवूनच टाकलेले असते की सायन्स आपल्याला झेपत नाही. घरचेही म्हणतात, इंग्लिश मीडियमला घातले असते तर बरे झाले असते.

हे मला मान्य नाही. ही मुले बुद्धीने कमी पडत नाहीत, आणि इंग्रजीही एवढे अवघड नाही. गप्प बसण्याने त्यांचे नुकसान होते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. जांबोटीकडून येणारा एक मुलगा. वर्गात मी ॲक्सिलरेशन म्हणजे काय विचारले की मान खाली. दुपारी प्रॅक्टिकलला तो व्हर्नियर कॅलिपर हातात घेऊन उभा होता. मी शेजारी जाऊन मराठीत विचारले, "त्वरण म्हणजे काय रे?" लगेच म्हणाला, "वेगबदलाचा दर, मॅडम." एकक विचारले, तेही बरोबर सांगितले. मग म्हटले, वेग आणि काळाचा आलेख काढून दाखव. वहीच्या मागच्या पानावर त्याने आडवी-उभी रेघ मारली, तिरकी रेषा काढली, तिच्या चढावर बोट ठेवून "हे त्वरण" म्हणाला आणि रेषेखालचा त्रिकोण पेन्सिलीने भरून "हे अंतर" म्हणाला. त्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर, हे वर्गात पुढे बसणाऱ्या आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या कितीतरी मुलांना सांगता आले नव्हते. या मुलाला ते नववीपासून येत होते. तरी तीन आठवडे तो वर्गात "आपल्याला काही येत नाही" असा चेहरा करून बसला होता, आणि मी विचारले नसते तर तसाच बसून राहिला असता.

म्हणून मुलांनो, कॉलेज सुरू व्हायला जे दिवस आहेत त्यात एवढे करा. नववी-दहावीचे तुमचे मराठी विज्ञानाचे पुस्तक रद्दीत देऊ नका. तेच पुस्तक इंग्रजी माध्यमाचे मिळवा. शेजारच्या शाळेतल्या कुणाचे जुने मिळेल, नाहीतर पाठ्यपुस्तक मंडळाच्या संकेतस्थळावरून मोबाईलवर फुकट उतरवून घेता येते. दोन्ही पुस्तकांत पाठ तेच, आकृत्या त्याच, उदाहरणेही तीच. दोन्ही शेजारी उघडी ठेवून नववीचा गतीचा पाठ आधी वाचा, मग बल, मग कार्य आणि ऊर्जा. मजकूर तुम्हाला ठाऊक आहेच, त्यामुळे इंग्रजी वाक्य आपोआप उलगडत जाते. वहीत दोन रकाने आखा: वस्तुमान आणि मास, बल आणि फोर्स, संवेग आणि मोमेंटम, घर्षण आणि फ्रिक्शन. रसायनशास्त्राचेही तसेच, आम्ल आणि ॲसिड, क्षपण आणि रिडक्शन. हे मोठ्याने म्हणायचे, कारण वर्गात हे शब्द वाचायच्या आधी ऐकावे लागतात आणि लेक्चरर ते भरभर म्हणून पुढे जातात. गणिताला फार भिऊ नका, तिथे चिन्हे सगळीकडे सारखीच.

वर्ग सुरू झाला की पुढच्या तीन बाकांत बसा. "सर, परत एकदा सांगा" एवढे म्हणायला शिका. इंग्रजीत जमले तर उत्तम, नाहीतर मराठीत म्हणा. आमच्या भागात बरेच लेक्चरर धारवाड, बागलकोट, विजापूरकडचे असतात. त्यांना मराठी येत नसेल तर मोडक्या कन्नडमध्ये विचारा, शाळेत कन्नड शिकला आहातच. मोडके बोललेल्या मुलाला कुठलाही शिक्षक हसत नाही. हसतात ती शेजारची मुले, आणि त्यांचे हसणे आठ दिवसांत बंद होते. वर्गात अगदीच धीर होत नसेल तर तास संपल्यावर दारात गाठा, स्टाफरूममध्ये या. पण त्याच दिवशी या. फिजिक्समध्ये आधी एकके, मग सरळ रेषेतील गती, मग वेक्टर, मग न्यूटनचे नियम अशी ओळीने वाट जाते. मधला टप्पा सुटला की पुढचे काहीच लागत नाही.

आता पालकांशी बोलते, आणि हे मला फार मनापासून सांगायचे आहे. मी वेक्टर शिकवायला घेते तो जुलै महिना असतो, आणि खानापूरच्या पश्चिम भागात तेव्हाच रोप लावणीची घाई असते. मुले आठ-दहा दिवस येत नाहीत. परत येतात तेव्हा बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, चप्पल धड घालता येत नाही, आणि फळ्यावर बाण, कोन, साइन-कॉस सुरू झालेले असते. मीही रोप लावलेले आहे. त्या दिवसांत मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, पाऊस थांबत नाही, हे मला कुणी सांगायला नको. तरीही हात जोडून सांगते, फर्स्ट पीयूच्या या एका वर्षी मुलाला लावणीसाठी घरी ठेवू नका. रविवार आहे, पावसाची सुट्टी जाहीर होते ते दिवस आहेत, तेवढे घ्या. ७५ टक्के हजेरीची अट आहे, पण मला हजेरीपेक्षा त्या बुडलेल्या आठ तासांची काळजी आहे. आणि नाइलाजच झाला तर मुलाने रोज संध्याकाळी वर्गमित्राकडून वहीच्या पानांचा फोटो मागवावा, परत आल्यावर पहिल्याच दिवशी मला किंवा त्या-त्या विषयाच्या शिक्षकांना भेटावे. प्रॅक्टिकल तर बुडवूच नये. सेकंड पीयूच्या फिजिक्समध्ये थिअरीला ७० आणि प्रॅक्टिकलला ३० गुण आहेत, आणि प्रॅक्टिकलचा हात पहिल्या वर्षीच बसतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे मुलींना परिवहनच्या साध्या बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत. बसभाड्याचे कारण आता उरलेले नाही. संध्याकाळच्या बसची वेळ गैरसोयीची असेल तर गावातल्या चार पालकांनी मिळून आगारप्रमुखांकडे लेखी अर्ज द्यावा, पण मुलीचे नाव कॉलेजातून काढू नये.

सायन्सच घ्यावे असा माझा आग्रह नाही. कॉमर्स घ्या, आर्ट्स घ्या, आयटीआय किंवा डिप्लोमाला जा, सगळीकडे पोटापुरते आणि मानाचे काम आहे. पण टक्के जास्त पडले म्हणून सायन्स, आणि इंग्रजीला भिऊन आर्ट्स, ही दोन्ही कारणे चुकीची आहेत. विषय बदलायचाच झाला तर पहिल्या महिन्यातच ऑफिसात बोला, पुढे ते अवघड होत जाते.

पीयूसीला इंग्रजीबरोबर आणखी एक भाषा घ्यावी लागते. त्यात मराठी घेता येते, पण कॉलेजात मराठीचे शिक्षक असतील तरच. प्रवेशाच्या आधी हे विचारा. गुण जास्त पडतात म्हणून आपली मुले दुसऱ्या भाषांकडे वळतात आणि मग विद्यार्थी नाहीत म्हणून मराठीची जागा भरली जात नाही. माझे मत विचाराल तर मराठी घ्या. दिवसातला तो एक तास तरी तुम्ही न अडखळता बोलाल, आणि तो धीर पुढच्या तासाला कामी येतो. त्याच वेळी शाळेत शिकलेले कन्नडही सोडू नका. कर्नाटकात सरकारी नोकरीच्या परीक्षांना ते लागतेच.

गप्प बसण्याचे नुकसान ऑफिसच्या खिडकीवरही होते. आपली मुले आणि पालक रांगेत तासभर उभे राहतात, आतून "हे नाही, ते आणा" एवढे ऐकतात आणि काय, कुठून, कशासाठी हे न विचारताच घरी जातात. विचारा. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) मिळतो, त्यावरचा आरडी नंबर स्कॉलरशिपच्या अर्जात लागतो, तेव्हा तो मे महिन्यातच काढून ठेवा. मार्क्सकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव एकदा शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर, असे आपल्याकडे घरोघरी आहे, आणि स्कॉलरशिपचे पैसे तेवढ्यावरून अडकतात.

सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेचा, विचार सेकंड पीयूत करू असे म्हणतात, पण काही गोष्टी आताच कळल्या पाहिजेत. कर्नाटकच्या सीईटीत इंजिनिअरिंगचा क्रमांक लावताना सेकंड पीयूच्या विषयांचे गुण आणि सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरतात, म्हणजे कॉलेजातला अभ्यास सोडून नुसते क्लास करून भागत नाही. कन्नड माध्यमाचे आरक्षण आपल्या मुलांना नाही, त्यामुळे पुष्कळ पालक समजतात की आपल्याला काहीच नाही. पण पहिली ते दहावी ग्रामीण भागातल्या शाळेत झाली असेल तर ग्रामीण कोटा आहे, आणि तिथे माध्यम आड येत नाही. त्यासाठी प्राथमिक शाळा आणि हायस्कूल दोन्हीकडचा अभ्यास दाखला, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीसह, लागतो. टीसी आणायला शाळेत जालच, तेव्हाच हेही मागा. महाराष्ट्राच्या सीईटीतून होणाऱ्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या किती घरांना हे माहीत आहे? निपाणीकडची मुले हद्द ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात अकरावी-बारावी करतात, त्यांनी तर दोन्ही राज्यांच्या अटी प्रवेश घेण्यापूर्वीच वाचाव्यात. त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका निघते, तीच प्रमाण माना. चौकातल्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

संस्थाचालकांना माझी विनंती छोटी आहे. आपल्या भागात मराठी शाळा चालवणाऱ्या कितीतरी संस्थांची स्वतःची कॉलेजेही आहेत. म्हणजे मूल दहावीला ज्या फाटकातून बाहेर पडते, त्याच्या शेजारच्याच फाटकातून पीयूसीला आत येते. तरी हायस्कूलचे विज्ञान शिक्षक आणि कॉलेजचे लेक्चरर वर्षानुवर्षे एका टेबलाशी बसत नाहीत. जूनचे पहिले पंधरा दिवस मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी रोज एक तास राखून ठेवा. फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणिताचे नववी-दहावीचे तेच धडे, इंग्रजी पुस्तकातून, पण मराठीत बोलत. नवीन काही शिकवायचे नाही, खर्चही नाही. हायस्कूलच्या ज्या शिक्षकांचा हातखंडा आहे त्यांनाच बोलवा, मुले त्यांच्यासमोर बोलतात. लावणी सुरू व्हायच्या आत हे उरकते.

कुणाची वाट न पाहता मी यंदा माझ्यापुरते सुरू करते आहे. जूनच्या दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा आमच्या गावच्या समाजमंदिरात गतीपासून सुरुवात करू. कुठल्याही कॉलेजात प्रवेश घेतलेल्या मुलांनी यावे, फी नाही. इतर गावांत ज्या शिक्षकांना, इंजिनिअर झालेल्या पोरांना हे करता येईल त्यांनी करावे आणि वेळ-ठिकाण आपल्याकडे कळवावे. आपण ते आपल्या अंकात छापावे, ही विनंती. येताना नववीचे मराठी विज्ञान पुस्तक, दोनशे पानी वही आणि पट्टी आणावी.

कळावे,

आपली नम्र,
एक पदवीपूर्व कॉलेज प्राध्यापिका, खानापूर तालुका