डीचं पीक

फोंडा

प्रिय दिगा,

चवथीला येतो म्हणून आलो नाही, फोनही केला नाही. शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. लिहितोय ते ग्राफीनपायी, कार्बनच्या त्या एक अणू जाडीच्या षटकोनी जाळीपायी. घरात हे बोललो तर जेवणावरून उठवतील. यंदा भाताचं कसं ठाऊक नाही, डीचं पीक मात्र जोरात आहे.

दोन नमुने आहेत. 532 नॅनोमीटरच्या लेझरखाली विखुरलेल्या प्रकाशाच्या रामन आलेखात दोघांतही डी (दोषांचं पीक, म्हणजे शिखर) आणि जी (जाळीचं नेहमीचं शिखर) यांचं गुणोत्तर 1. पोरांनी सूत्र लावलं, दोषांमधलं अंतर 12 नॅनोमीटर, मोकळे! अरे, 1350 प्रति सेंटिमीटरच्या (पुढचे शिखरांचे आकडेही त्याच मापात) आसपासचा डी मुळात निर्दोष जाळीत दिसतच नाही. इलेक्ट्रॉन दोषावर आपटला तरच उमटतो. दोष वाढतील तसा तो चढतो, पण अंतर तीन-चार नॅनोमीटरखाली गेलं की षटकोनच मोडतात आणि तो खाली यायला लागतो. चोर्ल्याच्या घाटात चढताना लागलेली उंची उतरताना परत लागते, तसं.

म्हणून आधी 2700 जवळचा टूडी, डीच्या दुप्पट जागेवरचं शिखर, बघायचा. पहिल्यात तो अरुंद, जीच्या वर डोकं काढून. दुसऱ्यात बसका, पसरट. जी फुगलेला आणि 1620 चा डी-प्राइम, दोषांचंच दुसरं छोटं शिखर, त्याच्या पोटात गडप. दोष पाडणाऱ्या ऑक्सिजन प्लाझ्मात जास्त वेळ राहिला असणार. तिथलं अंतर बारा कुठलं, एखाददुसरा नॅनोमीटर. पसरट पीकात उंचीचं आणि क्षेत्रफळाचं गुणोत्तर वेगळं येतं, सूत्राला उंचीच द्यायची. हे मी तुला तेव्हाही सांगत होतो. तू मात्र लेझरचा ठिपका तुकड्याच्या कडेवर ठेवून ‘घाण आहे, घाण आहे’ म्हणत बसलास. कडसुद्धा डी देते, महाराजा!

पहिल्यात डी आणि डी-प्राइमचं गुणोत्तर सातच्या घरात, म्हणजे अणू गळालेल्या रिकाम्या जागा. तेरा आलं असतं तर काहीतरी चिकटलंय म्हटलं असतं, साडेतीनला स्फटिककणांच्या सीमा. दुसऱ्याला ही कसोटी लावूच नये. पावसाळी हवेनं जी थोडा वर सरकतो. पण हवेनं डी उगवत नाही, पावसावर ढकलू नकोस. पारदर्शकता मोजूनही काही कळणार नाही: एक थर 2.3 टक्के प्रकाश गिळतो, थोड्याथोडक्या दोषांनी ते हलत नाही.

वहिनींचं दुकान कसं चाललंय? धाकटीचं ॲडमिशन झालं? शाणूला नमस्कार, त्याचे पैसे माझ्या लक्षात आहेत.

फाइली पाठवतोय. यंत्र बरोबर मोजतंय ना, म्हणून सिलिकॉनचं शिखर 520.7 वर आहे का ते आधी बघ, लेझर एक मिलीवॉटखाली ठेव, आणि दुसऱ्याचे जी आणि डी-प्राइम वेगळे करून दे. रविवारपर्यंत दे. अहवालात दोघांपुढेही 12 लिहिलंय आणि खाली सही माझी आहे.

तुझा,
बाबलो